खेड्यांतील संसार आणि वर्षाची वही

नोकरी संपली, मुलांचीं शिक्षणें झालीं, कीं गांवच्या घरीं जाऊन स्वस्तांत राहावें, असा बेत हल्लीं पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांत ऐकूं येतो. घरभाडें नाहीं, भाजी परसांतली, तांदूळ शेतांतले, नारळ दारचे. मग खर्च तो कसला, असा त्या बेतामागील हिशेब असतो. दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावरील एका खेड्यांत आमचें एकत्र कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या राहत आलें आहे, आणि शाळेंतून निवृत्त झाल्यापासून घरच्या जमाखर्चाची वही आमच्याकडे आहे. त्या वहीच्या आधारें सांगावयाचें तर वरील हिशेबांतील प्रत्येक वाक्य खरें आहे. त्यांवरून काढलेलें अनुमान मात्र खरें नाहीं. खेड्यांत थोड्या पैशांत, आणि समाधानानें, राहतां येतें. परंतु शहरांतील खर्चाची रीत जशीच्या तशी बरोबर आणली तर तें साधत नाहीं, आणि दोन पावसाळ्यांत मंडळी परत जातात.

शहरांतील पगारदाराचा संसार महिन्याच्या चाकावर फिरतो. पहिल्या तारखेस पगार येतो, पहिल्या आठवड्यांत वाण्याचें, दुधाचें, विजेचें देणें भागतें, आणि उरलेल्यांत महिना काढावयाचा असतो. खेड्यांत आय व व्यय हीं दोन्ही महिना पाळीत नाहींत. भात कार्तिकांत घरांत येतें. सुपारी थंडीच्या दिवसांत उतरते, मग ती वाळवावी, सोलावी लागते, आणि तिचे पैसे दिसूं लागतात ते शिमग्याच्या सुमारास. आंबा चैत्र-वैशाखांत, आमसुलें वैशाख-ज्येष्ठांत. आषाढापासून आश्विनापर्यंत अधूनमधून पाडलेल्या नारळांखेरीज वाडींतून पैसा म्हणून येत नाहीं. खर्चाची तऱ्हा याच्या उलट. वैशाखांत घर शाकारावयाचें, लाकूडफांटा भरावयाचा, पावसाळ्याची बेगमी करावयाची. जूनमध्यें मुलांचीं पुस्तकें आणि शेताचें बीं-खत. भाद्रपदांत गणपति आणि मुंबई-पुण्याहून येणारी मंडळी. म्हणजे पैसा येतो त्या दिवसांत तो पुष्कळ वाटतो, आणि लागतो त्या दिवसांत येत नाहीं. वर्षाच्या आकड्यास बारांनीं भागून 'महिना इतका' असें म्हणणें अंकगणितानें बरोबर असलें तरी त्याचा ज्येष्ठांत उपयोग नाहीं.

हा विचार नवा नव्हे. कौटिल्याचें अर्थशास्त्र म्हैसूरच्या शामशास्त्री यांच्या हातीं लागून १९०९ सालीं छापलें गेलें, तेव्हांपासून त्यांतील राजनीतीविषयीं पुष्कळ बोललें जातें. पण आम्हांस त्यांतील जमाखर्चाचीं प्रकरणें अधिक गोड वाटतात. आय, व्यय आणि नीवी असे तेथें तीन शब्द आहेत. नीवी म्हणजे सर्व वजा जातां हातीं उरलेली शिल्लक. आणि कौटिल्याचें हिशेबी वर्ष संपतें तें आषाढी पौर्णिमेस. जुनें धान्य किती उरलें तें त्या दिवशीं डोळ्यांनीं दिसतें, नवें जमिनींत पडलेलें असतें, आणि पावसानें सर्व बाहेरचीं कामें थांबलेलीं असतात; वही मिटावयास याहून चांगला दिवस खेड्यांत नाहीं. मार्च अखेर हें सरकारचें वर्ष झालें. त्या वेळीं आमच्या अंगणांत सुपारी वाळत असते आणि झाडावर आंबा लटकत असतो; शिल्लक काढावयाची तरी कशाची? आमच्या घरची वही गुरुपौर्णिमेस मिटते व दुसऱ्या दिवशीं नवी उघडते.

वहीचा मुख्य नियम एकच आहे, आणि या लेखाचें प्रयोजनहि तोच. या आषाढीपासून पुढच्या आषाढीपर्यंत जें खर्चावयाचें तें गेल्या वर्षीं हातीं आलेल्या पैशांतून. चालू वर्षांत येणारें उत्पन्न लिहून ठेवावयाचें, बँकेंत भरावयाचें, पण त्यास हात लावावयाचा तो वही बदलल्यावर. थोडक्यांत, घर एक वर्ष मागें राहून चालवावयाचें. निवृत्तिवेतन दरमहा येतें, म्हणून तें औषधें, वीज, गॅस, दूध अशा दरमहाच्या खर्चास तोडून दिलें आहे. वाडीचा आणि शेताचा पैसा मात्र वर्षभर मुरत ठेवावयाचा. हें एकाएकीं होत नाहीं. पहिल्या वर्षीं उत्पन्नाचा चौथा हिस्सा, दुसऱ्या वर्षीं आणखी चौथा, अशा रीतीनें आम्हांस तेथें पोंचावयास चार वर्षें लागलीं, आणि त्या चार वर्षांत घरीं नवा रंग लागला नाहीं.

या रीतीची परीक्षा ३ जून २०२० रोजीं झाली. त्या दुपारीं निसर्ग नांवाचें चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूस किनाऱ्यावर चढलें, आणि दापोली व मंडणगड तालुक्यांतील वाड्या कांहीं तासांत आडव्या झाल्या. आमच्या दहा गुंठ्यांच्या वाडींत दीडशेंच्या आसपास पोफळी होत्या. संध्याकाळीं मोजल्या तेव्हां उभ्या अशा चाळीसहि भरल्या नाहींत. वीस माडांपैकीं आठ राहिले. वीज कित्येक आठवडे नव्हती. त्याच वर्षीं मार्चअखेर सुरू झालेल्या टाळेबंदीनें मुंबईंतलीं मुलेंमाणसें गांवीं आलेलीं होतीं, त्यामुळें जेवणारीं तोंडें आठांचीं चौदा झालीं होतीं.

अशा वेळीं पाहणाऱ्यास वाटतें कीं घर त्याच महिन्यांत बसलें असेल. तसें होत नाहीं. ज्येष्ठांत वादळ झालें तेव्हां त्या हंगामाची सुपारी उतरून, सोलून, विकून झालेली होती. आंबाहि बहुतेक निघाला होता. पहिल्या वर्षाची अडचण छपराची व विजेची होती, पैशाची नव्हती. पैशाची पोकळी दिसली ती पुढल्या शिमग्यास, जेव्हां अंगणांत वाळत घालावयास सुपारीच नव्हती. आणि ती त्याच्या पुढल्या वर्षीं, व त्याच्याहि पुढल्या वर्षीं तशीच राहिली. पोफळीचें रोप लावल्यापासून फळ धरावयास पांच ते सात वर्षें घेतें, आणि जुन्या जातीचा माड याहूनहि आळशी. सरकारी मदतीचा मूळ हिशेब हेक्टरी होता; हेक्टर म्हणजे सुमारें नव्याण्णव गुंठे, आणि कोंकणांत वाडी गुंठ्यांनीं मोजतात. दहा गुंठेवाल्याच्या वांट्यास दहावा भाग.

आम्ही वर्षभर मागें चाललों होतों म्हणून आम्हांस एक पूर्ण वर्ष मिळालें. घाबरून कांहीं न विकतां, कर्ज न काढतां, बसून विचार करावयास मिळालेलें वर्ष. ज्यांनीं येणाऱ्या पिकावर आधींच उचल घेतली होती त्यांस तें मिळालें नाहीं. त्या वर्षांत पुतण्यानें दापोलीच्या कृषि विद्यापीठांत जाऊन विचारपूस केली, पडलेल्या झाडांचे वासे व पन्हळ करून विकले, आणि मोकळ्या झालेल्या जागेंत आधीं केळी लावल्या. केळ वर्षाच्या आंतबाहेर घड देते, आणि पोफळीच्या कोंवळ्या रोपास लागणारी सावलीहि तीच देते. मिरीचे वेल उरलेल्या पोफळींवर चढविले. जायफळाचीं चार रोपें लावलीं, त्यांचा भरंवसा आमच्या हयातींत आम्ही धरलेला नाहीं. दुसरे वर्षीं, म्हणजे मे २०२१ मध्यें, तौक्ते वादळ किनाऱ्याला लागून गेलें, त्यानें केळी पाडल्या. त्या पुन्हां लावल्या. तीन वर्षें वाडीचें उत्पन्न पूर्वीच्या तिजाईवर राहिलें, आणि खर्च त्या मापानें खालीं आणावा लागला. तो कोठें आणतां आला व कोठें आणूं नये, हें आतां सांगावयाचें आहे.

प्रथम धान्य. बेगमी हा शब्द आपल्या घरांत इतका जुना आहे कीं तिचा हिशेब कोणी मांडीत नाहीं. आजीनें जितकें भरलें तितकें आपण भरतों. आम्ही तो एकदां मांडून पाहिला. भात खाणाऱ्या आमच्या मुलखांत मोठ्या माणसास दिवसाकांठीं पाव किलो तांदूळ धरला तर वर्षास एक्याण्णव किलो होतात. घरीं सहा मोठीं माणसें आणि दोन मुलें. दोन मुलांचें एक माणूस धरलें म्हणजे सात, त्यांचे सहाशें चाळीस किलो. आतां पाहुणे. मे महिन्यांत नऊ माणसें बारा दिवस, गणपतींत अकरा माणसें सात दिवस, श्राद्धपक्ष, सणवार व येणेंजाणें यांचे मिळून आणखी साठ दिवस. एकूण दोनशें पंचेचाळीस माणसी-दिवस. म्हणजे पाहुणे मिळून वर्षभर जेवणाऱ्या एका माणसाच्या दोन तृतीयांश झाले. त्यांचे साठ किलो धरून सातशें किलो तांदूळ. भात भरडल्यावर सुमारें दोन तृतीयांश तांदूळ निघतो. म्हणून भात साडेदहाशें किलो हवें. आमचें शेत चांगल्या वर्षीं सातशें-साडेसातशें देतें. बाकीचें कार्तिकांत, सर्वांच्या खळ्यांवर भात असतें तेव्हां शेजाऱ्याकडून विकत घ्यावयाचें. श्रावणांत दुकानांतून घेऊं गेल्यास तेंच महाग पडतें. हा एवढा हिशेब झाल्यावर 'आपल्याकडे तांदूळ घरचा' हें वाक्य आमच्या घरीं कोणी उच्चारीत नाहीं. दोन तृतीयांश घरचा, असें मुलेंसुद्धां म्हणतात.

मात्र बेगमीच्या उत्साहासहि मर्यादा हवी. एकदम घेतलें म्हणजे स्वस्त पडतें, हें सर्वच जिनसांस लागू नाहीं. कोंकणच्या चार महिन्यांच्या दमट हवेंत रवा, मैदा, बेसन यांचा सांठा करणें म्हणजे किड्यांस जेवावयास बोलावणें होय. हरभरे अख्खे घ्यावे, वैशाखाच्या उन्हांत कडकडीत वाळवावे आणि लागतील तसे थोडे थोडे डाळून दळावे. तूरडाळीस एरंडेलाचा हात फिरवावा. तांदळांत कडुलिंबाचा वाळलेला पाला पुष्कळ झाला. औषधी भुकट्या मिसळण्याचा जो प्रकार कोठें कोठें दिसतो तो आम्हांस पसंत नाहीं, खावयाच्या वस्तूंत विष कशास? मीठ, गूळ, चिंच, आमसुलें, मिरची, हळद यांची वर्षाची बेगमी निःशंक करावी. तेलाची करूं नये. तें खंवट होतें, आणि घरांत भरलेला डबा दिसला म्हणजे कढईंत हात सैल पडतो. माणसीं दिवसास वीस ग्रॅम धरून आमच्या घरास महिन्याला सव्वाचार किलो तेल लागतें. तितकेंच महिन्याच्या आरंभीं बाहेर काढावयाचें.

धान्यांत एवढें लक्ष घातलें तरी खरी गळती तेथें नसते. रोख पैसा खेड्यांतून बाहेर जातो तो अंतरामुळें. तालुक्याचें गांव आम्हांस बावीस किलोमीटर आहे. जाऊन येऊन चव्वेचाळीस. दुचाकीस सुमारें एक लिटर पेट्रोल आणि माणसाचा अर्धा दिवस. आज बँक, उद्यां नळाची तोटी, परवां रक्तदाबाच्या गोळ्या, असें गेलें तर गोळ्यांपेक्षां पेट्रोल महाग होतें. आमच्या माजघरांत भिंतीवर एक पाटी आहे. ज्यास जें हवें त्यानें तें तीवर लिहावें, आणि आठवड्यांतून एकदां कोणा एकानें सर्व घेऊन यावें. रोजच्या गोळ्या डॉक्टरांच्या संमतीनें तीन महिन्यांच्या आणाव्या. मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांस अर्धें तिकीट झालें, तेव्हांपासून हें काम बहुतकरून सूनबाईंकडे गेलें आहे, आणि त्यांच्या खरेदींत आम्हां पुरुषांच्या खरेदीसारखी चहा-भजी निघत नाहींत, असें वही सांगते.

दुसरी गळती बारीक पण गमतीची आहे. मोबाइलचे पैसे 'महिन्याचे' म्हणून भरतात, आणि तो महिना असतो अठ्ठावीस दिवसांचा. सौर मास तीस-एकतीस दिवसांचा, चांद्र मास साडेएकोणतीसांचा, नाक्षत्र मास सत्तावीस दिवस व कांहीं घटकांचा. अठ्ठावीस दिवसांचा मास आमच्या पाहण्यांतील कोणत्याहि पंचांगांत नाहीं. त्यामुळें वर्षांत बारा नव्हे, तेरा वेळां पैसे भरावे लागतात, आणि अधिक मास दर वर्षींच येतो. घरांत पांच फोन असले तर साठाचे पांसष्ट हप्ते झाले. आम्हीं दोन फोन केवळ बोलण्यापुरते ठेवून वर्षाचे पैसे एकदम भरले. उरलेल्या तिहींतून मुलांचा अभ्यास होतो.

विजेचेंहि असेंच. घरगुती विजेच्या पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी असतो, आणि शंभराच्या पुढें तो एकदम चढतो. दोन किलोवॅटचा गीझर माणसीं पाव तास चालला तर आठ माणसांस रोज चार युनिटें, महिन्यास एकशेंवीस. म्हणजे एकट्या आंघोळीनेंच ती पायरी ओलांडली. आमच्याकडे आंघोळीस तांब्याचा बंब आहे, आणि त्यांत नारळाचीं सोडणें, करवंट्या व वाडींतील वाळका कचरा जातो, जो एरवीं जाळूनच टाकावा लागला असता. स्वयंपाक मात्र गॅसवर. येथें कोणी म्हणेल कीं लाकूड फुकट असतां गॅस कशास? त्याचें उत्तर पुढें येत आहे, व तेंच या लेखांत आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें.

एका मे महिन्यांत पुण्याहून आलेला आमचा एक भाचा जेवतांना मोठ्या कौतुकानें आमच्या वहिनींस म्हणाला, "मामी, तुम्हांला काय, सगळं घरचंच! विकत काही घ्यावंच लागत नाही." वहिनी वाढतां वाढतां म्हणाल्या, "विकत घ्यावं लागत नाही रे, करावं लागतं." पंगत हसली आणि पुढें सरकली. आम्हीं मात्र तें वाक्य त्या रात्रीं वहींत लिहून ठेविलें, आणि दुसऱ्या दिवसापासून पंधरा दिवस एका वेगळ्या पानावर घरांतील प्रत्येक माणूस किती तास काम करितो याची नोंद घेतली. आंब्याचीं साठें घालणें, फणसाचे गरे तळणें, पापड, कुरडया, सांडगी मिरची, आमसुलांस रस लावणें, लाकडें रचणें, आणि यांखेरीज सतरा माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक. वहिनी, आमच्या गृहिणी व सूनबाई या तिघींचे दिवसाचे तास चौदांच्या खालीं उतरत नव्हते. पाहुण्यांच्या पानावर बहुतेक ठिकाणीं 'विश्रांति' असें लिहावें लागलें.

आपल्या समाजांत काटकसरीचें कौतुक मोठें आहे, आणि तें योग्यहि आहे. पण एका माणसानें पैसा वांचवावा व दुसऱ्याच्या पाठीनें तो भरावा, यास काटकसर म्हणतां येत नाहीं. तो खर्चच आहे, केवळ वहींत न लिहिलेला. गृहिणीनें खर्चांत हात सैल ठेवूं नये असें मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत आहे, आणि तें वचन घरोघरीं पुरुषांस ठाऊक असतें. त्याच ग्रंथाच्या नवव्या अध्यायांत, द्रव्याचा संग्रह व व्यय या दोन्ही कामीं पत्नीची नेमणूक करावी असेंहि आहे. तें फारसें ठाऊक नसतें. (त्या ग्रंथांतील पुष्कळ भाग आज पटण्यासारखा नाहीं, हें आम्ही जाणून आहों, येथें मुद्दा एवढाच कीं सोयीचें तेवढें पाठ करण्याची खोड जुनी आहे.) महाभारताच्या वनपर्वांत सत्यभामेशीं बोलतांना द्रौपदी सांगते कीं पांडवांचा आय-व्यय सगळा तिला एकटीला ठाऊक होता. तिच्या हातीं खजिन्याचा हिशेब होता. आपल्या बहुतेक घरांत बायकांच्या हातीं डाळीचा डबा असतो आणि हिशेब दुसऱ्याच्या खिशांत.

त्या पंधरा दिवसांच्या पानावरून आमच्या घरीं कांहीं गोष्टी बदलल्या. वहींत 'श्रम' असा रकाना पडला. कोणतीहि वस्तु घरीं करावयाची कीं विकत घ्यावयाची, हें ठरवितांना आधीं त्या रकान्यांत तास लिहावयाचे आणि मजुरीनें बाई लावली असती तर काय द्यावें लागलें असतें तो आकडा समोर मांडावयाचा. पांच किलो उडदाचे पापड म्हणजे तिघींचे दोन दिवस. ते आतां शेजारच्या गांवांतील बायकांच्या बचतगटाकडून येतात, आणि त्यांचे पैसे त्या घरीं जातात. साठें व आमसुलें घरचींच, कारण फळ वाया जातें आणि तें काम बसून होतें. पण तें शेजारच्या दोन घरांबरोबर सावडीनें होतें, आज यांच्या अंगणांत तर उद्यां त्यांच्या. स्वयंपाकास गॅस, कारण लाकडाची किंमत शून्य असली तरी धुराची नाहीं. आमच्या मातोश्रींचा खोकला अजून आमच्या कानांत आहे. डाळी-कडधान्यें भिजवून, कुकरमध्यें एकावर एक डबे लावून शिजविलीं कीं टाकी तीन-चार दिवस अधिक पुरते. ती टाकी लावल्याची तारीख कालनिर्णयावर लिहिलेली असते.

वही आतां सूनबाई लिहितात. आम्ही आषाढीस बेरजा तपासतों, इतकेंच. वादळानंतरच्या तीन ओढीच्या वर्षांत नवे कपडे, लग्नांतले मोठे आहेर आणि दुचाकी बदलण्याचा बेत हे तीन खर्च सर्वांच्या संमतीनें थांबले. दूध, मुलांचीं पुस्तकें, औषधें आणि पापडांचे पैसे थांबले नाहींत. कशास कात्री लावावयाची हें ठरवितांना घरांतील सहाहि मोठीं माणसें बसलीं होतीं, आणि आहेरांचा खर्च आवरावा ही सूचना वहिनींनींच मांडली. त्यांच्या माहेरचीं दोन लग्नें त्याच वर्षीं होतीं.

राहिला घराचा प्रश्न, आणि तो एकत्र कुटुंबाचा सर्वांत नाजुक प्रश्न आहे. गांवचें घर सर्वांचें असतें. त्याच्या कौलांवर मात्र कोणाचेंच नांव नसतें. दर वैशाखांत कौलें उतरवून, रीप-वासे पाहून, फुटकीं बदलून पुन्हां चढवावीं लागतात. हें एक वर्ष टळलें तर पुढील वर्षीं भिंतीस ओल येते आणि खर्च दुप्पट होतो. गणपति सर्वांचा, मे महिना सर्वांचा, आंब्याच्या पेट्याहि सर्वांच्या. आम्ही दर वर्षीं शहरांतील सहा घरांस आंबे, आमसुलें व साठें पाठवितों आणि तीं 'भेट' या सदरीं बाजारभावानें लिहितों, म्हणजे तो आकडा कोणास ऐकवावा म्हणून नव्हे, तर आपण गरीब नाहीं हें आपणांस कळावें म्हणून. पण शाकारणीचा खर्च जो गांवीं राहतो त्यानेंच करावा, असा जो अलिखित नियम बहुतेक घरांत पडून गेला आहे तो न्यायाचा नाहीं. जो राहतो तो घर वापरतो हें खरें. पण तो राहतो म्हणून तें घर उभें राहतें हेंहि खरें. आमच्या मतें घराच्या डागडुजीचा खर्च हिस्सेदारांच्या हिश्श्याप्रमाणें वांटावा, आणि जो गांवीं राहतो त्याचा हिस्सा त्याच्या देखरेखीच्या श्रमांत धरावा. ही गोष्ट वर्षाच्या आरंभीं, अंदाजी आकडा काढून, लेखी कळवावी. मे महिन्यांत पंगतींत बोलूं नये. तेथें आमरसाची चव जाते आणि पैसेहि येत नाहींत.

या प्रमाणें आम्हीं गेल्या आषाढीनंतर चौघां हिस्सेदारांस अंदाजपत्रक पाठविलें. तिघांचे पैसे दिवाळीपूर्वीं आले, त्यांतील एकानें तर मागितल्याहून अधिक पाठविले. चौथ्यांनीं कौलांऐवजीं पत्रा घातला तर किती खर्च येईल, अशी पृच्छा केली आहे. पत्र्याखालीं वैशाखांत माजघरांत बसतां येईल काय, असें वहिनींचें म्हणणें. तरी पण पुतण्या दापोलीस जाईल तेव्हां दर विचारून येणार आहे, आणि तें काम पाटीवर लिहिलेलें आहे.